चौथ्या पाटीवरच्या दोन रेघा

न्यूझीलंडमध्ये कुठल्याही बागेतल्या बाकावर बसलात, तर टेकण्यापूर्वी एकदा मागे वळून बघा. फळीवर ब्राँझची एक छोटी पाटी असेल. अमुकच्या आठवणीसाठी, तिला इथून समुद्र बघायला आवडायचं. असल्या पाट्या करण्यात माझ्या नोकरीची शेवटची सगळी वर्षं गेली. पुण्यात मेटलर्जी शिकून भोसरीला पंपांची कास्टिंग्ज करणारी मी. नवऱ्याला ऑकलंडला सॉफ्टवेअरमधलं काम मिळालं म्हणून दोन हजारच्या सुमाराला इथे आले आणि माउंट वेलिंग्टनमधल्या एका लहानशा फाउंड्रीत चिकटले. मालक नेव्हिल, मी आणि दोन कामगार, एवढाच पसारा. इंटरव्ह्यूमध्ये नेव्हिलने एकच प्रश्न विचारला, "स्पेलिंग कसं आहे?" मला वाटलं माझ्या नावाचं विचारतोय. मी 'उज्ज्वला'चं सांगितलं. तो म्हणाला, "एवढं लांबलचक पाठ आहे म्हणजे बरं आहे. सोमवारपासून ये."

काम समजायला सोपं आहे. लाकडाच्या फळीवर अक्षरं चिकटवून आधी पाटीचा पॅटर्न करायचा. तो बारीक ओलसर वाळूत दाबून उचलला की वाळूत पाटीचा ठसा राहतो. त्यात वितळलेलं ब्राँझ ओतायचं. थंड झालं की वाळू झाडायची, घासायचं, पार्श्वभूमीला काळपट रंग द्यायचा आणि वर आलेली अक्षरं चकाकेपर्यंत पॉलिश करायची. अक्षरांच्या कडा किंचित उतरत्या ठेवायच्या, नाहीतर पॅटर्न उचलताना वाळू धरून बसते आणि 'ई'चा दात मोडतो. बस्स. उरलेली सगळी डोकेदुखी स्पेलिंगची.

म्हणून आमच्याकडे एक नियम होता. पॅटर्न लावण्यापूर्वी मजकुराचं प्रूफ गिऱ्हाइकाला पाठवायचं. त्याने सही केली की ती काळ्या दगडावरची रेघ. नंतर चूक सापडली तर ती त्याची. हा नियम का आला तेही सांगते. एका गृहस्थांनी बायकोच्या कबरीच्या पाटीवर तिचं नाव एका 'एन'ने लिहून दिलं, पाटी बसली, आणि मग मेहुणीने येऊन फाउंड्रीत थयथयाट केला की दोन 'एन' होते. गृहस्थ शांतपणे म्हणाले, "लग्नाला एकतीस वर्षं झाली, तिने कधी सांगितलं नाही." अवोन्डेलचे एक आजोबा स्वतःचीच पाटी करून घेऊन गेले होते, मृत्यूचं साल कोरं ठेवून. दरवर्षी ती पॉलिशला आणायचे आणि मला म्हणायचे, "अजून जागा रिकामीच आहे बघ!"

असली माणसं मला आवडायची. चुका करायची, पण पाटी त्यांच्या जिव्हाळ्याची असायची. राग यायचा तो ज्यांना पाटीचं काही पडलेलं नसतं त्यांचा. त्यातल्या एका प्रकरणाचा राग अजून गेलेला नाही. या वयात जाईल असंही वाटत नाही.

ऑकलंडहून गाडीने दोन-अडीच तासांवर एक शहर आहे. नाव सांगत नाही, तिथल्या लोकांशी माझं भांडण नाही. तिथल्या कौन्सिलने ठरवलं की शहरात होऊन गेलेल्या लेखकांच्या सन्मानासाठी चौकात एक पुतळा उभारायचा. समिती नेमली. पुतळ्याला चेहरा कुणाचा द्यायचा यावर समितीचं वर्षभर एकमत होईना. शेवटी शिल्पकाराने वैतागून पुतळा पाठमोराच केला: लिहिण्याचं एक टेबल, आणि त्याच्याकडे पाठ करून लांब कुठेतरी बघत उभी असलेली व्यक्ती. चेहरा कोटाच्या कॉलरमध्ये. मला तो पुतळा खरंच आवडला होता. चबुतऱ्याच्या चार बाजूंना चार पाट्या, चार लेखकांची नावं, प्रत्येकाची एकेक ओळ. पुतळा दुसरीकडे ओतला, पाट्या आमच्याकडे आल्या.

चौथी पाटी एका माओरी कवीची होती. ते वारून बरीच वर्षं झाली होती. ओळ इंग्रजीत होती, त्यात एकच शब्द माओरी. भावार्थ एवढाच, की भरती-ओहोटी वाचायला मला पापाने शिकवलं. पापा म्हणजे बाप. कौन्सिलकडून आलेल्या टाइप केलेल्या मजकुरात हा शब्द साधा होता. पण सोबत पुस्तकातल्या पानाची झेरॉक्स जोडली होती आणि तिच्यात शब्दातल्या दोन्ही 'ए'च्या डोक्यावर एकेक आडवी रेघ होती. मी आमच्या मोल्डरला, म्हणजे साचे भरणाऱ्या विरेमूला, पान दाखवलं. तो स्वतः माओरी.

"रेघ असली की अक्षर लांबवायचं," तो म्हणाला. "पापा म्हणजे बाप. रेघा काढून टाकल्यास तर पप. म्हणजे जमीन, नाहीतर लाकडाची फळी."

"आणि पापाटोएटो?" मी विचारलं. मी तिथेच राहते.

"ते आखूड. तिथे जमीनच आहे. तू लांबवून म्हणतेस, पण मी काही बोललो नाही."

म्हणजे इतकी वर्षं मी माझ्या उपनगराच्या नावातल्या जमिनीला बाप म्हणत होते! हसले, पण लगेच मनात आलं, हे तर आपलंच ऱ्हस्व-दीर्घ आहे. आमच्या पुण्यात 'वर्धापन दीन'चे फलक लागायचे आणि माझे वडील रस्त्यात थांबून म्हणायचे, "बिचाऱ्याची दैना झालेली दिसते." सुत म्हणजे मुलगा, सूत म्हणजे दोरा. कुणाच्या समाधीवर आपण मुलाच्या जागी दोरा लिहू का?

मी प्रूफ पुस्तकाप्रमाणे केलं, रेघांसकट. सही येईलच म्हणून पॅटर्नवरही दोन बारीक पट्ट्या चिकटवून ठेवल्या. आठवड्याने प्रूफ सही होऊन परत आलं. दोन्ही रेघांवर लाल पेनाने काट मारलेली होती.

नजरचुकीने राहिली असती तर मी समजू शकले असते. ही काट होती. कुणीतरी खुर्चीत बसून, पेनाचं टोपण काढून, विचारपूर्वक मारलेली. मी समितीच्या सेक्रेटरीला फोन केला. आवाजावरून माणूस सभ्य वाटला.

"किया ओरा," तो म्हणाला.

"किया ओरा. चौथ्या पाटीवरच्या रेघा तुम्ही काढून टाकायला सांगितल्यात. त्याने अर्थ बदलतो."

"शहरातल्या बाकीच्या पाट्यांवर असल्या खुणा नाहीत," तो म्हणाला. "एकसारखेपणा हवा. आणि वाचणाऱ्याला संदर्भावरून कळतंच."

"मग दुसऱ्या पाटीवर त्या बाईंच्या आडनावातल्या 'ई'वर तिरकी मात्रा आहे ती? ती विसरू नका असं तुमचं वेगळं पत्र आहे माझ्यासमोर."

"ते फ्रेंच आडनाव आहे," तो म्हणाला. जणू काही प्रश्न मिटला.

"कवीच्या घरच्यांना विचारलंत का?"

"समितीने सगळं पाहिलेलं आहे," तो म्हणाला आणि माझे आभार मानून त्याने फोन ठेवला. हॅलोच्या जागी किया ओरा म्हणायला या माणसाला जमत होतं. त्याच भाषेतल्या दोन रेघांना मात्र त्याच्या शहरात जागा नव्हती. मी रिसीव्हर आपटला तेव्हा नेव्हिल केबिनमधून बाहेर आला.

"सही आहे ना?" त्याने विचारलं.

"आहे."

"मग ओत."

घरी जेवताना हे सगळं नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, तू सांगितलंस ना त्यांना? तुझं काम संपलं. उगाच नोकरीवर गदा आणू नकोस." मुलगी ताटातून मान वर न करता म्हणाली, "बट मम्मा, इट्स स्टिल राँग."

दुसऱ्या दिवशी ब्लेड घेऊन पॅटर्नवरच्या त्या दोन पट्ट्या मी उचकटल्या. तांदळाच्या दाण्याएवढ्या. विरेमूने साचा भरला. पाटी सुरेख आली. एक छिद्र नाही, एक कड मोडलेली नाही. इतकी निर्दोष पाटी मी त्या वर्षात दुसरी केली नसेल, आणि ती साफ चुकीची होती.

अनावरणाला नेव्हिल मला घेऊन गेला. भाषणं झाली. लेखणीची ताकद, शब्दांचं सामर्थ्य, एकेका शब्दाला जपणारे लोक वगैरे. पहिल्या रांगेत पंचाहत्तरीच्या घरातल्या एक बाई बसल्या होत्या, काळा कोट, मांडीवर मोठी पर्स. त्या कवीच्या धाकट्या बहीण. सगळे त्यांना आन्टी हुइया म्हणत होते. शाळांमधल्या दातांच्या दवाखान्यात त्यांनी जन्मभर नर्स म्हणून काम केलं होतं. इथे पूर्वी शाळेतच मुलांचे दात कोरून भरायचे, ते काम या नर्सच करायच्या. चौकातल्या निम्म्या लोकांनी कधी ना कधी त्यांच्यासमोर तोंड उघडलं असावं, कारण त्या उठल्या तशी माणसं आपोआप बाजूला झाली.

त्या चौथ्या पाटीपाशी गेल्या. पर्समधून चष्मा काढला, वाकून वाचलं. परत वाचलं. मग सेक्रेटरीकडे वळून शांतपणे म्हणाल्या, "हा माझा भाऊ नाही. माझ्या भावाला शुद्ध लिहिता येत होतं."

सेक्रेटरी हसला. मोठ्या माणसाने गंमत केली की हसतात तसा. "आन्टी, आपण बघू ना," तो म्हणाला. कुणीतरी टाळ्या सुरू केल्या, चहाची घोषणा झाली. मी नेव्हिलच्या मागे उभी होते. पुढे होऊन बोलायला हवं होतं. मी चहा घ्यायला गेले.

त्यानंतर आन्टी हुइयांनी कौन्सिलला पत्रं लिहिली. उत्तरं सगळी नम्र. आपली सूचना नोंदवली आहे. आपल्या भावनांचा आदर आहे. पुढच्या देखभालीच्या फेरीत विषय घेण्यात येईल. तोवर त्याच चौकात नवं कारंजं आलं, बाकं बदलली, फुलांचे वाफे दोनदा उकरले. या सगळ्याला देखभाल म्हणतात. दोन रेघा कुठल्याच फेरीत बसेनात. असं दोन वर्षं चाललं.

मग एके दिवशी कुरियरने आमच्याकडे एक खोकं आलं. आत चौथी पाटी होती. सोबत कौन्सिलचा कागद: विद्रूपीकरण झालेलं आहे, ओरखडे भरून पाटी मूळ स्थितीत आणावी. मी बबलरॅप काढला आणि बघतच राहिले. 'ए'च्या डोक्यावर, दोन्हीकडे, एकेक रेघ कोरलेली होती. काळ्या रंगाखालचं ताजं ब्राँझ सोन्यासारखं चमकत होतं. ओरखडे कसले! दोन्ही रेघा एका लांबीच्या, एका खोलीच्या, अक्षराच्या बरोबर मध्यावर. कुठे हत्यार घसरल्याची खूण नाही. मी भिंग लावून पाहिलं. फाउंड्रीत इतकी वर्षं काढून मला ते इतकं सफाईने जमलं नसतं.

कुणी केलं हे गुपित नव्हतंच. आन्टी हुइयांनी भरदिवसा, लंच अवरला, चौकात घडीची खुर्ची मांडून, बॅटरीवर चालणाऱ्या कोरणीने काम केलं होतं. जाणाऱ्या-येणाऱ्यांना वाटलं, बाई पाटी साफ करतायत. एकाने तर त्यांच्यावर छत्री धरली. मग त्या स्वतः कौन्सिलच्या ऑफिसात गेल्या आणि काउंटरवर सांगितलं, "तुमचं काम मी करून टाकलंय." लोकल पेपरात खुर्चीसकट त्यांचा फोटो आला. ते कात्रण विरेमूने भट्टीशेजारच्या भिंतीवर चिकटवलं.

मी कौन्सिलचा कागद घेऊन नेव्हिलच्या केबिनमध्ये गेले. "हे मी करणार नाही."

"ब्रेझिंग करून भरायचं, घासायचं, रंग मारायचा. तासाभराचं काम आहे."

"म्हणूनच सांगतेय, येत नाही असं नाही. करणार नाही. एकदा त्यांच्या सांगण्यावरून मी रेघा काढून टाकल्यात. परत काढणार नाही."

"उज्ज्वला, त्यांचं काम आपल्याकडे वर्षभर येतं."

"मग विरेमूला सांग."

नेव्हिलने काचेतून बाहेर बघितलं. विरेमू वाळू चाळत होता, पाठमोरा, नेहमीपेक्षा जरा जास्तच जोरात. नेव्हिलने हातातलं पेन खाली ठेवलं. मग पाटी मागितली, खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली, अंगठा फिरवला. "नीट अॅज," म्हणाला, म्हणजे एकदम झकास. नेव्हिलच्या तोंडून हे दोन शब्द मला माझ्या एकाही कामाला मिळाले नव्हते.

त्याने कौन्सिलला फोन लावला आणि माझ्यादेखत धडधडीत खोटं बोलला: या प्रकारच्या ब्राँझमध्ये भराव धरत नाही, जबाबदारी घेता येणार नाही. मला तेही आवडलं नाही. "सरळ नाही का म्हणाला नाहीस?" मी विचारलं.

"तुला मोठ्याने नाही म्हणता येतं," तो म्हणाला. "मी आपला हळू म्हणतो."

पाटी पाच महिने आमच्या फळीवर पडून होती. तिकडे चबुतऱ्याच्या चौथ्या बाजूला नुसती चार भोकं. पेपरात पत्रं येत राहिली. कौन्सिलला पेच पडला होता. या वयाच्या बाईवर, त्यात निम्म्या शहराचे दात भरलेल्या, खटला कसा भरायचा? आणि नाही भरायचा, तर चूक कुणाची होती ते सांगावं लागणार. शेवटी त्यांनी तिसराच मार्ग काढला. आम्हाला पत्र आलं, त्याची प्रत आन्टींना: समाजाच्या भावना लक्षात घेऊन पाटीवरील बदल कायम ठेवण्यात येत आहे. चूक हा शब्द नाही. क्षमस्व नाही. आणि ज्या शब्दावरून हे सगळं झालं तो शब्द त्या पत्रात परत बिनरेघांचाच छापलेला. मी ते पत्र चारदा वाचलं. कुणी मुद्दाम केलं असेल असं मला वाटत नाही. संताप त्याचाच आला. तीन वर्षं एक म्हातारी बाई एकच गोष्ट सांगतेय आणि तिच्याविषयीचं पत्र टाइप करणाऱ्याच्याही ती कानावर पडलेली नाही.

पाटी परत बसवायला मी स्वतः गेले. नेव्हिलने व्हॅन दिली, प्रश्न विचारले नाहीत. या वेळी भाषणं नव्हती. कौन्सिलचा एक माणूस स्पॅनर घेऊन आलेला, आन्टी हुइया आणि मी. त्या माणसाने चार बोल्ट आवळले, पाटीवर रुमाल फिरवला, "दॅट्स हर, आन्टी," म्हणाला, म्हणजे झालं काम, आणि गेला. आन्टींनी पाटीवर हात टेकवला आणि भावाशी माओरीत काहीतरी बोलल्या. मी चार पावलं लांब उभी राहिले.

मग आम्ही नव्या बाकावर बसलो. त्यांनी थर्मासमधून चहा दिला. रेघा आता काळवंडून अक्षरांच्या रंगात मिसळत होत्या. मी त्यांना म्हटलं, किती सुरेख काम केलंत. फाउंड्रीत काय काय झालं तेही सांगितलं. मी कशी नाही म्हणाले, मालक कसा खोटं बोलला. खरं सांगायचं तर मला शाबासकी हवी होती.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पहिल्यांदा ओतलीस तेव्हा तुला दिसलं होतं?"

"हो," मी म्हणाले. "प्रूफमध्ये मी रेघा घातल्या होत्या. त्यांनी काट मारली. मग मीच त्या पॅटर्नवरून काढल्या."

"माझा नंबर होता तुझ्याकडे?"

"ऑर्डरच्या फाइलमध्ये होता. घरच्यांचा संपर्क म्हणून."

"मग मला फोन का नाही केलास, डिअर?"

प्रूफवर सही झाली होती, असं मी म्हणाले. म्हणताना माझाच आवाज मला त्या सेक्रेटरीसारखा वाटला. समितीवर मी इतकी वर्षं दात खात होते, पण ओतण्यापूर्वी एका फोनचं काम होतं आणि तो नंबर फाइल उघडली की समोर होता. नोकरी गेली नसती. फार तर नेव्हिल दोन दिवस बोलला नसता. या बाईंची तीन वर्षं, ती पत्रं, उन्हात मांडलेली ती खुर्ची, सगळं वाचलं असतं.

आन्टी हुइया रागावल्या नाहीत. थर्मासचं झाकण फिरवून घट्ट केलं, पर्समध्ये ठेवलं. "पुढच्या वेळी कर," म्हणाल्या आणि उठल्या.

पुढची वेळ यायला महिनाही लागला नाही. एका सामोअन पाद्रींच्या नावाने एका हॉलला पाटी होती. ट्रस्टने सही करून पाठवलेल्या प्रूफवरचं नाव मला खटकलं. फाइलमध्ये त्यांच्या मुलीचा नंबर होता. मी नेव्हिलला सांगितलं, "मी घरी फोन करतेय."

"सही झालीय," तो म्हणाला.

"माहितीय."

त्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं. तोवर माझा फोन लागला होता, आणि पलीकडे ती मुलगी एकेक अक्षर सावकाश सांगत होती.